कर्मठ शहर कोणते?

मराठी वृत्तपत्रांनी एके काळी ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नामकरण 'हुजूरपक्ष' असे केले आणि त्याच्यासमोरच्या लेबर पक्षाला 'मजूरपक्ष' म्हटले. यमक जुळले, वाचकाला अर्थ कळला, काम भागले. पण हुजूर म्हणजे सत्ता, दरबार, मुजरे. हा शब्द राजकारणापुरता चालतो. पंगतीतल्या, सोयरिकीतल्या, पाणवठ्यावरच्या स्थितिप्रियतेला तो लागू पडत नाही. तिच्यासाठी मराठीत निराळीच शब्दसंपदा आहे : सनातनी, कर्मठ, सोवळा, जुन्या वळणाचा. यांतही छटा आहेत. 'जुन्या वळणाचा' म्हणताना थोडी आपुलकी असते, 'कर्मठ' म्हणताना थोडा धाक असतो, आणि 'सनातनी' हे विशेषण तर लोक अभिमानाने स्वतःला लावून घेत. इंग्रजी जे एका शब्दात उरकते, त्याचे मराठीने पहिल्यापासून दोन भाग केले आहेत. एक भाग राज्याचा, दुसरा घराचा. ही विभागणी योग्य आहे असे आमचे मत आहे आणि प्रस्तुत लेख म्हणजे त्या मताचा विस्तार.

निमित्त घरगुती आहे. आम्ही राहतो दहिवलीस. कर्जतला लागून, उल्हास नदीच्या काठी वसलेले हे गाव मुंबई-पुणे लोहमार्गावर जवळजवळ मध्यावर येते. मुंबईची लोकल कर्जतला येऊन थांबते, आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात तीही येथेच. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हापासून या दोन शहरांची ये-जा आमच्या दारावरून चालू आहे. आमची पुतणी मुंबईत नोकरी करते, तिचा नवरा पुण्यात. दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याचा धर्म वेगळा आहे. बिऱ्हाड कोठे करावे याचा विचार चालला असता तिने आम्हांस विचारले, "काका, तुमचा दोन्ही शहरांचा अनुभव आहे. कमी कर्मठ कोणतं? मुंबई की पुणे?"

प्रश्न सोपा वाटला. पुण्याच्या सनातनीपणाचे किस्से कोणत्याही मराठी घरात तोंडपाठ असतात आणि मुंबईच्या मोकळेपणाचेही. तरीही उत्तर देताना आमची जीभ अडखळली. का अडखळली, ते आता सांगतो.

शहरांच्या स्थितिप्रियतेचे मोजमाप करण्याचा उद्योग अमेरिकेत पद्धतशीरपणे झालेला आहे. ख्रिस टॉसानोविच आणि ख्रिस्तोफर वॉरशॉ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अडीच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांची तेथील रहिवाशांच्या धोरणविषयक मतांवरून क्रमवारी लावली. सर्वांत उदारमतवादी ठरले सॅन फ्रान्सिस्को. सर्वांत पुराणमतवादी ठरले ॲरिझोना राज्यातील मेसा. क्रमवारी हातात असली की मनाला बरे वाटते. पण ही क्रमवारी मतांची आहे. कर किती असावा, सरकारने काय करावे, काय करू नये, यांवरील मतांची. शेजारी कोण राहायला आलेले चालेल, हा प्रश्न बराचसा तिच्याबाहेर राहतो.

त्याच देशातले बॉस्टन पाहा. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निक्सन यांच्या विरोधात कौल देणारे राज्य एकच होते, मॅसॅच्युसेट्स; बॉस्टन ही त्याची राजधानी. राजकीय मोजपट्टीवर याहून उदार मुलूख सापडणे अवघड. आणि १९७४ साली न्यायालयाच्या आदेशानुसार कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या वस्तीतल्या शाळांत पोहोचवणाऱ्या बसगाड्यांवर दगडफेक झाली, ती याच बॉस्टनमध्ये. दुसरे उदाहरण ह्यूस्टनचे. या शहराने २००९ साली उघडपणे समलिंगी असलेल्या ॲनिस पार्कर यांना महापौर म्हणून निवडले, आणि २०१५ साली, त्या पदावर असतानाच, समान हक्कांचा स्थानिक नियम जनमताने मोठ्या फरकाने फेटाळला. दोन्ही शहरांत मतपेटी एक बोलली आणि वस्ती दुसरे. यांपैकी खरे शहर कोणते, हा प्रश्न गैरलागू आहे. दोन्ही खरी.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुण्याचे सनातनीपण नाकारण्यात अर्थ नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडला तो पुण्याच्याच रस्त्यांवर. पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे ग्रामण्य १८९० नंतर पुणे शहर चघळत बसले, आणि न्यायमूर्ती रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. १८९५ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यात भरले, तेव्हा सामाजिक परिषदेला तिच्या मंडपात जागा मिळू शकली नाही. आगरकरांना आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. १९२९ साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला.

ही यादी वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात येते. प्रत्येक प्रसंगात दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंची नावे, लेख, तारखा आपल्याला ठाऊक आहेत. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला तो पुण्यातच, आणि 'सुधारक' १८८८ साली निघाला तोही तेथेच. पुण्याचे सनातनीपण भांडकुदळ होते. ते अग्रलेख लिहीत असे, सभा भरवीत असे, शास्त्राधार मागत असे आणि देतही असे. ज्याला विरोध करायचा त्याचा पत्ता माहीत होता.

मुंबईचे तसे नाही. परमहंस सभा १८४९ ची, प्रार्थनासमाज १८६७ चा. सुधारणेचा मान मुंबईचा खरा. पण तेथील कर्मठपणा पाहायचा तर तो व्यवस्थेत पाहावा लागतो. कापडगिरण्यांत सर्व जातींचे कामगार एका छताखाली आले असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातून सूत ओढून घेताना ते तोंड लावून ओढावे लागे, आणि विटाळाची कल्पना तेथपर्यंत पोहोचली होती. विणकाम खात्यात पगार जास्त होता, हे वेगळे सांगायला नको. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा मुद्दा पुढे आणला. या बंदीसाठी कोणाला अग्रलेख लिहावा लागला नव्हता. ती नुसती पाळली जात होती.

रखमाबाईंचा खटला हे तर दोन्ही शहरांचे संयुक्त अपत्य. बालपणी झालेले लग्न मान्य नसलेल्या या तरुणीविरुद्ध १८८४ साली नवऱ्याने दावा लावला तो मुंबईत. १८८७ साली, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल झाला तोही मुंबईच्या उच्च न्यायालयात. मात्र या खटल्यावर जोरकस वाद झडला तो पुण्याच्या वृत्तपत्रांतून. निकाल मुंबईचा आणि शब्द पुण्याचे, अशी ही वाटणी झाली.

उलट्या दिशेनेही दाखले आहेत. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली पुण्यात जन्मले, आणि १९३६ साली त्याचे मुख्यालय मुंबईस गेले. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले मुंबईत, आणि 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवले तेही मुंबईत. पण त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले तेही त्याच मुंबईत. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. आणि १९७२ हे एकच साल घ्या. त्या वर्षी मुंबईत 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला, दलित पँथर उभी राहिली, आणि तेथेच 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाची कुऱ्हाड पडून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. पुण्याने त्याला विरोध केला, संस्थेने प्रयोग थांबवले, आणि पुण्याच्याच कलावंतांनी बाहेर पडून 'थिएटर ॲकॅडमी' काढून ते पुन्हा उभे केले. साहित्याच्या अभ्यासकांना २०१० सालही आठवत असेल. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी एका विद्यार्थी संघटनेच्या मागणीवरून अभ्यासक्रमातून निघाली, ती मुंबई विद्यापीठाच्या.

म्हणजे कोणते शहर कर्मठ? नागपूर आणि कोल्हापूर यांना या चर्चेत आणले तर गुंता वाढतोच. नागपुरात १९२५ साली विजयादशमीस राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला, आणि त्याच नागपुरात १९५६ साली विजयादशमीस डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कोल्हापूरच्या दरबाराने १९०२ साली मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि त्याच कोल्हापुरात २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा शहरांना एक आकडा कसा द्यावा?

फार लांब कशाला, आमचा रायगड जिल्हाच पाहा. चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाने अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात पुढे कित्येक दशके लाल बावटा फडकत ठेवला. राजकीय मोजपट्टी लावली तर हा जिल्हा डावा. पण लाल बावट्याखाली निघालेल्या मोर्चातले शेतकरी लग्नाची बोलणी करायला जात, ती आपापल्या जातीतच. आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा मारहाण झाली आणि पाठोपाठ तळ्याचे 'शुद्धीकरण'. हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. कायदेमंडळाचा ठराव ते न्यायालयाचा निकाल, यांत चौदा वर्षे गेली. राजकारणाने दार उघडले आणि समाजाने ते लोटून धरले, असे हे चित्र आहे. तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मध्ये (१९८३) समाजवादी आमदाराच्या घरात हेच दार उघडे ठेवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्या प्रयत्नाची किंमत कोणी मोजली यावर आजही वर्गावर्गांतून वाद होतात.

मग मोजायचे तर काय मोजावे? आमच्या मते मत मोजू नये, किल्ली मोजावी. भाड्याची खोली कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे शहराच्या अंतरंगाचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. मराठी साहित्याला ते केव्हाच सापडलेले आहे. परदेशात उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि ओळख कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावापुढे तेथून बाहेर पडावे लागले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण निवाऱ्यासाठी जात लपवतो. संशोधकही याच ठिकाणी पोहोचले. त्रिना विथायाथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेवरून सात महानगरांची पाहणी करून २०१२ साली दाखवले की या शहरांतली वस्ती आर्थिक स्तरापेक्षा जातीनुसार अधिक विभागलेली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी विचारणा करून पाहिली. त्यांच्या २०१५ च्या निबंधानुसार दलितांना नकार मिळतो, आणि मुसलमानांना त्याहून अधिक. महानगर माणसाला अनामिक करते, ही समजूत भाडेकराराच्या कागदापाशी संपते. त्या कागदावर आडनाव लिहावे लागते.

पुतणीला आम्ही हे सारे ऐकवले आणि वर आमचा निष्कर्षही सांगितला : पुण्यात जा. तेथे नकार मिळेल तो तोंडावर मिळेल. ज्या नकाराला तोंड असते त्याला उत्तर देता येते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, मला वाद जिंकायचा नाहीये. दूध नासायच्या आत फ्रिज लावता येईल अशी जागा हवी आहे."

या वाक्याला आमच्या ग्रंथसंग्रहात उत्तर नव्हते. शिवाय पुण्याच्या वादप्रियतेचे गोडवे गाताना २० ऑगस्ट २०१३ ची सकाळही स्मरणात ठेवायला हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर वादच घातला, तोही अत्यंत सभ्य भाषेत. आणि त्यांचा खून पुण्यात झाला. वादाला वादानेच उत्तर मिळेल, याची हमी कोणतेही शहर देत नाही.

दोघांनी आधी मुंबईत शोधाशोध केली. तेथे त्यांना कोणीही एक वाईट शब्द बोलले नाही, हे ती आवर्जून सांगते. दलालाचा फोन यायचा : जागा कालच गेली, मालकांचा विचार बदलला, सोसायटीचा जरा प्रश्न आहे. 'जरा' या क्रियाविशेषणाचा इतका व्यापक उपयोग आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही. मग त्यांच्या मनात दहिवलीचा विचार आला. दोन्ही शहरांच्या गाड्या येथून मिळतात, आमच्याच इमारतीत एक सदनिका रिकामी होती, मालकाने तोंडी होकारही दिला होता.

आमची इमारत जुन्या भातशेतीवर उभी आहे. जमीन ज्यांची होती त्या आगरी कुटुंबाला मोबदल्यात दोन सदनिका मिळाल्या; बाकीच्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या मंडळींनी सुट्टीसाठी घेतल्या. शनिवारी त्यांचे दिवे लागतात, रविवारी रात्री मालवतात. गेल्या पावसाळ्याआधीच्या सभेत दोन विषय आले. पहिला : इमारतीत सुकी मासळी भाजू नये, वास जिन्यात येतो. ठराव मांडणारे शहरातून आलेले गृहस्थ होते, सुशिक्षित, बोलायला मृदू. कुटुंबातली आजी उभी राहिली. "जमीन आमची, भात आमचा, नि आता बोंबलाचा वास पण तुम्हाला इचारून काढायचा?" सभा हसली. ठराव पडला. आम्ही आजींच्या बाजूने हात वर केला होता आणि त्याचे समाधान मनात घोळवत होतो, तोच दुसरा विषय आला. भाडेकरू 'आपल्यातलेच' असावेत. आणि या विषयाला पहिले अनुमोदन आले ते आजींच्या मुलाकडून.

'आपल्यातले' हा शब्द त्या दिवशी आम्ही नव्याने ऐकला. मृदुभाषी गृहस्थांच्या लेखी त्याचा अर्थ शाकाहारी असा असावा. आजींच्या मुलाच्या लेखी गावचा, ओळखीचा. आणखी कोणाच्या लेखी हिंदू. वरच्या वाडीतून धुण्याभांड्यांना येणाऱ्या कातकरी बाया कोणाच्याच हिशेबात 'आपल्यातल्या' नव्हत्या. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी होती आणि बेरीज मात्र एक येत होती. आम्ही उठून एवढीच विनंती केली की 'आपल्यातले' म्हणजे कोण ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने (१९६०) कलम २३ मध्ये पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारण्यास मनाई केलेली आहे. भाडेकरूंची गोष्ट वेगळी मानली तरी कारण कागदावर असावे, असे आम्ही म्हणालो. अध्यक्षांनी लेखणी उघडली, थोडा वेळ धरली आणि मिटली. विषय पुढे ढकलण्यात आला. ठराव झाला नाही.

आठवड्याने त्या सदनिकेच्या मालकाचा फोन आला. घराची दुरुस्ती काढायची आहे, म्हणाला. दुरुस्ती आजतागायत निघालेली नाही.

आता दोघे पुण्यात राहतात. घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत, सोवळ्याओवळ्यातल्या. त्यांनी दोघांना समोर बसवून, असे विवाह का करू नयेत यावर तासभर व्याख्यान दिले, मग अनामत रकमेवर घासाघीस केली आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही करून किल्ली दिली. एका घरावरून शहराची परीक्षा करू नये, हे आम्हांसही कळते. पुण्यातही त्याआधी तीन ठिकाणी नकार मिळाला होता, आणि त्यांपैकी दोन 'जरा' या जातीचे होते. तरीही त्या बाईंचा विचार मनातून जात नाही. कोणत्याही सर्वेक्षणात त्यांची मते विचारली तर त्या पुराणमतवादी ठरतील, आणि दुरुस्तीवाले आमचे शेजारी उदारमतवादी.

म्हणून मुंबई की पुणे, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता असे आहे. राजकीय कल मोजायला मतपेटी पुरेशी आहे. ती दर पाच वर्षांनी उघडते आणि आकडे सांगते. सामाजिक कर्मठपणा मोजायचा असेल तर शहर काय बोलते ते ऐकू नये. कारण न देता कोणाला काय नाकारता येते, ते पाहावे. जेथे नकाराचे कारण सांगावे लागते, लिहावे लागते, त्याखाली सही करावी लागते, ते शहर आज कितीही कर्मठ असले तरी उद्या बदलू शकते. महाडचे तळे खुले झाले ते या मार्गाने, ठराव, दावा, निकाल अशा कागदांवरून. जेथे कारण सांगावेच लागत नाही, तेथे बदलण्यासारखे काही हाती लागत नाही. या कसोटीवर पुणे किंचित पुढे होते असे आमचे मत. 'होते' हा भूतकाळ आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत, कारण 'जरा' आता घाट चढून पुण्यातही पोहोचला आहे.

दहिवलीच्या सभेचा तो विषय अद्याप 'पुढे ढकललेला' आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, व्याख्येसह घ्यावा, असे पत्र आम्ही समितीला दिले आहे. ठराव आमच्या विरुद्ध गेला तरी हरकत नाही. निदान तो लिहिलेला असेल.